नवोदित कंपनी आणि परदेशी बांधकाम-कामगार : सिंगापूरच्या परवाना-पद्धतीचे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती होय. तिला नाव असते, तिच्या मालकीची मालमत्ता असू शकते, तिला करार करता येतात व तिच्यावर दावाही लावता येतो. मात्र ही व्यक्ती कृत्रिम असल्याने ती केवळ नोंदणीने अस्तित्वात येते आणि नोंदवहीतून नाव कमी होताच नाहीशी होते. सिंगापूरच्या १९६७च्या कंपनी अधिनियमानुसार एक भागधारक, देशात सामान्यतः वास्तव्य करणारा एक संचालक आणि किमान एक डॉलर भरणा भांडवल एवढ्या सामग्रीवर खाजगी कंपनी स्थापन होऊ शकते. सचिवाची नेमणूक स्थापनेनंतर सहा महिन्यांच्या आत केली तरी चालते. व्यापारास अनुकूल अशी राज्यव्यवस्था म्हणून सिंगापूरची जी ख्याती आहे, तिचा हा एक आधार आहे.

हीच नवी कंपनी जेव्हा परदेशातून गवंडी, सुतार, सळया बांधणारा किंवा परांची उभारणारा कामगार आणू इच्छिते, तेव्हा एक वेगळाच प्रश्न उपस्थित होतो. कंपनीच्या भागधारकांची जबाबदारी मर्यादित असते. कामगाराची जोखीम मात्र मर्यादित नसते. तो आपले शरीर, आपला वेळ व बहुधा आपल्या कुटुंबाने काढलेले कर्ज घेऊन परदेशी येतो. कंपनी बुडाली तर भागधारक आपल्या भांडवलापुरते नुकसान सोसून मोकळा होतो. कामगाराचे वेतन, निवारा, औषधोपचार व परतीचा प्रवास या साऱ्यांचा आधार मात्र एकदमच तुटतो. कंपनी जितकी नवी तितका हा धोका अधिक, कारण तिच्यामागे पूर्वेतिहास नसतो, साठविलेला पैसा नसतो आणि कित्येकदा हाती निश्चित कामही नसते.

नोंदणीने निर्माण झालेली ही कागदी व्यक्ती खरोखर काम देणारी आहे किंवा नाही, हे सिंगापूरचे शासन कसे पारखते आणि त्या पारखण्याचा भार अखेर कोणावर पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. येथे डॉलर या शब्दाने सर्वत्र सिंगापूरचा डॉलर समजावा.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

सिंगापूर हे शहर प्रारंभापासूनच परक्या हातांनी बांधले गेले आहे. १८२५ मध्ये बेंकुलेनहून भारतीय बंदिवानांची पहिली तुकडी तेथे नेण्यात आली. पुढे बंगाल व मद्रास या इलाख्यांप्रमाणेच मुंबई इलाख्यातूनही जन्मठेपेचे कैदी तेथे पाठविले जात. रस्ते, पूल व सार्वजनिक इमारती यांचे काम या कैद्यांकडून करवून घेण्यात येई. आजचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि १८६७ ते १८६९ या काळात बांधलेला गव्हर्नरांचा प्रासाद (सध्याचे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान) ही त्यांच्या श्रमाची ठळक उदाहरणे होत. १८७३ मध्ये ही बंदिवान-पद्धती बंद झाली. त्या पद्धतीत श्रमाचा धनी प्रत्यक्ष शासन होते. ते मजुरास आणी, त्यास राबवी, त्यास अन्न व निवारा देई आणि त्याच्यावर पहाराही ठेवी.

१९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झाले. त्यानंतरच्या औद्योगिक वाढीच्या काळात स्थानिक व मलेशियन मजूर अपुरे पडू लागले, आणि १९७८ च्या सुमारास भारत, बांगलादेश, श्रीलंका, थायलंड इत्यादी देशांतून बांधकाम-मजूर आणण्यास मुभा देण्यात आली. शासकीय परिभाषेत या देशांना ‘अपारंपरिक उगमदेश’ अशी संज्ञा आहे. १९९० च्या अधिनियमाने परदेशी कामगारांच्या नियुक्तीस सुसंगत कायदेशीर चौकट दिली. या नव्या व्यवस्थेत कामगाराचा धनी खाजगी मालक झाला. शासनाने स्वतःकडे परवाना देणे, कर घेणे व नियम मोडणाऱ्यास शिक्षा करणे एवढेच ठेवले. अन्न, निवारा, औषध, देखरेख आणि परतीचा प्रवास ही जुनी कामे नाहीशी झाली नाहीत. ती मालकाकडे सोपविण्यात आली. हे हस्तांतरण ध्यानात घेतल्यास पुढील सर्व नियमांची संगती लागते.

३. नोंदणीनंतरचा पहिला उंबरठा : बांधकामाचा परवाना

कंपनी नोंदविली म्हणजे ती बांधकाम करण्यास पात्र झाली, असे नाही. ज्या कामाचे नकाशे इमारत-नियंत्रण खात्याकडून मंजूर करून घ्यावे लागतात, असे काम हाती घेणाऱ्यास बिल्डिंग अँड कन्स्ट्रक्शन ऑथॉरिटीचा परवाना लागतो. सामान्य बांधकामाच्या परवान्याचे दोन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाच्या परवानाधारकास साठ लाख डॉलरपर्यंतची कामे घेता येतात व त्यासाठी किमान २५,००० डॉलर भरणा भांडवल लागते. पहिल्या वर्गास कामाच्या मूल्याची मर्यादा नाही, परंतु भांडवल किमान तीन लाख डॉलर असावे लागते. याखेरीज व्यवस्थापनाची व तांत्रिक देखरेखीची जबाबदारी पत्करणाऱ्या अर्हताप्राप्त व्यक्ती नेमाव्या लागतात.

एक डॉलरच्या कंपनीस येथे प्रथमच सांगण्यात येते की, कायद्याने जन्मास येणे निराळे आणि बांधकाम-व्यवसायात उभे राहणे निराळे. पूर्वी याहून एक मोठा अडथळा होता. १९९८ पासून ‘मनुष्य-वर्ष’ नावाची पद्धती अमलात होती. प्रकल्पाच्या मूल्यानुसार मुख्य कंत्राटदारास ठराविक मनुष्य-वर्षे मिळत व त्यांतील वाटा तो पोट-कंत्राटदारांना देई. परिणामी लहान व नव्या पोट-कंत्राटदाराचे मजूरबळ मुख्य कंत्राटदाराच्या मर्जीवर अवलंबून राही. १ जानेवारी २०२४ पासून ही पद्धती रद्द झाली. नव्या कंपनीची ही परावलंबिता त्यायोगे संपली; पण त्याच दिवशी दुसऱ्या दोन मापांचा ताण वाढविण्यात आला. ती मापे म्हणजे स्थानिक-परदेशी कामगारांचे प्रमाण आणि परदेशी कामगारांवरील लेव्ही ही होत.

४. प्रमाणाचा नियम

बांधकाम-व्यवसायात एका स्थानिक कामगारामागे किती परदेशी परवानाधारक ठेवता येतील, हे नियमाने ठरलेले असते. पूर्वी ही संख्या सात होती. १ जानेवारी २०२४ पासून ती पाच करण्यात आली. स्थानिक कामगार कोण, हे तपासण्याचे साधन म्हणजे १९५५ मध्ये स्थापन झालेला मध्यवर्ती भविष्य-निर्वाह निधी. मालकाने ज्या नागरिकांच्या अथवा कायम रहिवाशांच्या नावे या निधीत हप्ते भरले असतील, त्यांचीच गणना होते. गणना पूर्ण धरली जाण्यासाठी त्यांचे वेतन एका ठराविक पातळीइतके असावे लागते. १ जुलै २०२४ पासून ही पातळी दरमहा १,६०० डॉलर ठरविण्यात आली. निम्म्या पातळीपासून पूर्ण पातळीपर्यंत वेतन घेणारा माणूस अर्धा गणला जातो. मोजदाद मागील तीन महिन्यांच्या सरासरीवर होते.

जुन्या कंपनीच्या दृष्टीने हा केवळ हिशेबाचा भाग आहे. नव्या कंपनीच्या दृष्टीने मात्र तो काळाचा प्रश्न आहे. तिच्याजवळ मागील महिने नसतात. प्रथम स्थानिक माणसे नेमावीत, त्यांना वेतन द्यावे, त्यांचे हप्ते भरावेत, आणि मगच परदेशी कामगारांची संख्या हळूहळू वाढवावी, असा क्रम तिला पाळावा लागतो. म्हणजे काम मिळण्यापूर्वी किंवा काम नुकतेच मिळाले असताना वेतनाचा खर्च सुरू होतो. याच अवस्थेत नवे कंत्राटदार चुकीच्या मार्गाकडे वळण्याचा संभव असतो. त्याचा विचार सहाव्या भागात केला आहे.

५. लेव्ही, तारण व कौशल्य : एक कल्पित हिशेब

प्रत्येक परदेशी परवानाधारकामागे मालकाने शासनास दरमहा लेव्ही द्यावी लागते. जानेवारी २०२४ पासून बांधकामस्थळी काम करणाऱ्या उच्च-कुशल कामगारामागे ५०० डॉलर व प्राथमिक-कुशल कामगारामागे ९०० डॉलर असा दर आहे. ही रक्कम कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही. कौशल्याची परीक्षा बिल्डिंग अँड कन्स्ट्रक्शन ऑथॉरिटीच्या मान्यतेने उगमदेशांतच घेतली जाते. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय सामान्यतः प्राथमिक-कुशल म्हणूनही प्रवेश मिळत नाही. उच्च-कुशल श्रेणी मिळविण्याचे मार्ग अनेक आहेत. पुढील कौशल्य-परीक्षा उत्तीर्ण होणे हा एक; सिंगापुरात सहा वर्षांचा अनुभव व किमान १,६०० डॉलर वेतन असणे हा दुसरा. शिवाय कंपनीच्या बांधकाम-परवानाधारकांपैकी किमान दहा टक्के कामगार उच्च-कुशल असावे लागतात. तसे नसल्यास प्राथमिक-कुशल कामगारांचे नवे परवाने मिळत नाहीत.

या नियमांचा एकत्रित परिणाम समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका नव्या कंपनीत १,६०० डॉलर वेतनाचे चार स्थानिक कर्मचारी आहेत. पाचाच्या प्रमाणाने तिला वीस परदेशी कामगार ठेवता येतील. जुन्या प्रमाणाने अठ्ठावीस ठेवता आले असते. चार कर्मचाऱ्यांचे वेतन ६,४०० डॉलर झाले. पंचावन्न वर्षांखालील कर्मचाऱ्यांसाठी मालकाचा निधीतील हिस्सा सतरा टक्के, म्हणजे १,०८८ डॉलर. एकूण स्थानिक खर्च ७,४८८ डॉलर. वीस परदेशी कामगारांपैकी किमान आवश्यक तेवढे दोनच उच्च-कुशल असतील, तर लेव्ही एक हजार अधिक सोळा हजार दोनशे, म्हणजे दरमहा १७,२०० डॉलर होईल. सर्वच वीस उच्च-कुशल असतील, तर ती १०,००० डॉलरवर येईल. या दोहोंमधील अंतर दरमहा ७,२०० व वर्षास ८६,४०० डॉलर आहे.

शासनाचे धोरण या आकड्यांत स्पष्ट वाचता येते. स्वस्त व अकुशल मजुरांची संख्या वाढवून नफा मिळविण्याऐवजी कमी पण कुशल मजुरांकडून काम करून घ्यावे, अशी ही प्रेरणा आहे. तत्त्वतः ती योग्य आहे. परंतु नवी कंपनी कुशल कामगार कोठून आणणार? अनुभवी माणूस साहजिकच स्थिर व जुन्या मालकाकडे राहतो. नवोदित कंपनीच्या वाट्यास बहुधा नवखा कामगार येतो. त्यामुळे ज्या कंपनीची ऐपत सर्वांत कमी, तिलाच दरडोई सर्वांत अधिक लेव्ही भरावी लागण्याचा संभव असतो. वेतन त्याहून वेगळे. सिंगापुरात परदेशी बांधकाम-कामगारासाठी कायद्याने ठरविलेले किमान वेतन नाही. नवख्या कामगाराचे मूळ वेतन कित्येकदा त्याच्यावरील लेव्हीपेक्षाही कमी असते. म्हणजे त्याच्या श्रमासाठी मालक जी किंमत मोजतो, तिच्यातील मोठा वाटा कामगारास न मिळता शासनाच्या तिजोरीत जातो. पैशाची चणचण भासू लागली की मालकास लेव्ही कमी करता येत नाही. काटकसर करण्यास उरते ते वेतन, अधिक वेळाचा मोबदला आणि निवारा.

लेव्हीच्या जोडीस तारण आहे. मलेशियन वगळता प्रत्येक परवानाधारकामागे ५,००० डॉलरचे हमीपत्र कामगार देशात येण्यापूर्वी सादर करावे लागते. आपल्या उदाहरणातील वीस कामगारांसाठी ही हमी एक लाख डॉलरची होईल. बँक अथवा विमा कंपनी ती देत असल्याने मालकास सारी रक्कम रोख भरावी लागत नाही. परंतु अटींचा भंग झाल्यास ती जप्त होऊ शकते. कामगारास वेळेवर मायदेशी न पाठविणे, हा अशा भंगाचा एक प्रकार आहे. कामगार बेपत्ता झाला व त्यास शोधण्याचा रास्त प्रयत्न मालकाने केला असेल, तर निम्मीच रक्कम जप्त होते. जबाबदारी झटकून टाकणाऱ्या मालकास आवर घालावा, हा तारणाचा हेतू होय. पण त्याच तारणामुळे मालकास कामगारावर नजर ठेवण्याचे कारणही मिळते. बंदिवानांच्या काळी पहारा शासनाचा होता. येथे तो पाच हजार डॉलरच्या हमीने मालकाच्या अंगावर टाकलेला आहे.

निवाऱ्याचीही हीच कथा. सप्टेंबर २०२३ पासून बांधकाम व तत्सम व्यवसायांतील मालकास, नवा परवाना मिळण्यापूर्वीच, कामगारासाठी मान्य निवास उपलब्ध असल्याचा पुरावा द्यावा लागतो. या कठोरपणास २०२० चा अनुभव कारणीभूत आहे. त्या वर्षी कोविडच्या साथीत वसतिगृहांतील सुमारे ३ लाख २३ हजार कामगारांपैकी जवळजवळ निम्म्यांना संसर्ग झाल्याचे डिसेंबरात जाहीर झाले. एकाच खोलीत दाटीने राहणारी माणसे एकमेकांपासून दूर राहू शकत नाहीत, ही साधी गोष्ट साऱ्या जगास तेव्हा दिसली. त्यानंतर २०२१ मध्ये नव्या वसतिगृहांसाठी एका खोलीत जास्तीत जास्त बारा रहिवासी व दर माणशी किमान ४.२ चौरस मीटर जागा, असे मान ठरविण्यात आले. २०१५ चा वसतिगृह-अधिनियम प्रथम एक हजार अथवा अधिक रहिवाशांच्या वसतिगृहांनाच लागू होता. एप्रिल २०२३ पासून सात अथवा अधिक खाटांच्या निवासांनाही तो लागू झाला. जुलै २०२३ पासून प्रत्येक परवानाधारकाचा वैद्यकीय विमा वर्षास किमान ६०,००० डॉलरचा असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा १५,००० होती. अपघात-भरपाईचा विमा याहून वेगळा आहे.

६. कागदी कंपनी आणि खोटे काम

आतापर्यंत वर्णिलेले नियम खऱ्या काम देणाऱ्यासाठी आहेत. परंतु परवाना हीच वस्तू विकण्याजोगी झाल्यावर केवळ परवाने मिळविण्यासाठी कंपन्या निघू लागतात. नवी कंपनी नोंदवावयाची, तिच्यात स्थानिक माणसे नोकरीस असल्याचे दाखवावयाचे, कोटा मिळवावयाचा, परदेशातून माणसे आणावयाची, त्यांच्याकडून पैसे घ्यावयाचे आणि मग ‘काम नाही, स्वतः शोधा’ असे सांगून त्यांना वाऱ्यावर सोडावयाचे, असा हा व्यवहार असतो. काम न करता केवळ निधीच्या खात्यावर दिसणाऱ्या अशा स्थानिक माणसास तेथे ‘भूत-कामगार’ म्हणतात. संज्ञा समर्पक आहे: कागदी कंपनीस भुतेच कामगार म्हणून शोभतात.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने या व्यवहाराची नेमकी व्याख्या केली आहे. जो व्यवसाय अस्तित्वातच नाही, जो चालू नाही, किंवा ज्यास त्या परदेशी माणसाची गरज नाही, अशा व्यवसायाच्या नावे परवाना मिळवून त्या माणसास काम न देणे, हा बेकायदा श्रम-आयातीचा अपराध होय. त्यास किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे तुरुंगवास आणि ६,००० डॉलरपर्यंत दंड आहे; सहा अथवा अधिक आरोप सिद्ध झाल्यास फटक्यांची शिक्षाही होऊ शकते. नोकरी देण्याची अट म्हणून अथवा नोकरी चालू ठेवण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणे, हा वेगळा अपराध असून त्यास ३०,००० डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. परवान्यासाठी खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे.

या तरतुदींत एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. साध्या कंपनी-कायद्यात कृत्रिम व्यक्तीच्या पडद्यामागील माणसास सहसा हात लावला जात नाही. येथे मात्र कायदा थेट विचारतो, ‘व्यवसाय खरोखर आहे काय?’ आणि तो नसेल तर माणसाच्या देहास शिक्षा करतो. कामगाराच्या देहाशी संबंध आला की मर्यादित जबाबदारीचा पडदा विरळ होतो, असे म्हणता येईल. तथापि शिक्षा ही अपराध घडल्यानंतरची असते. फसलेला कामगार तोवर कर्जबाजारी होऊन येऊन पडलेला असतो. म्हणूनच परवाना देण्यापूर्वीची परीक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

७. कर्ज व बंधन : कामगाराची बाजू

कामाचा परवाना बहुधा दोन वर्षांपर्यंतचा असतो व त्यावर लिहिलेल्या मालकाकडेच, लिहिलेल्या व्यवसायातच, काम करता येते. प्रवेशापूर्वी कामगारास एक पूर्व-संमतीपत्र मिळते. त्यात मूळ वेतन, भत्ते व कपाती नमूद असतात आणि ते त्याच्या भाषेत त्यास पाठविणे मालकावर बंधनकारक आहे. त्यात नमूद केलेले वेतन कामगाराच्या लेखी संमतीवाचून व मंत्रालयास कळविल्यावाचून कमी करता येत नाही. कायदा कागदावर कसोशीने लिहिलेला आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु कामगार कागद वाचण्यापूर्वीच बहुधा पैसे देऊन बसलेला असतो. सिंगापुरातील दलालाने कामगाराकडून घ्यावयाच्या शुल्कास मर्यादा आहे: करार अथवा परवान्याच्या दर वर्षास एक महिन्याचे वेतन, आणि एकूण दोन महिन्यांच्या वेतनाहून अधिक नाही. उगमदेशातील दलाल मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. आणि खरा खर्च तेथेच होतो. समजा, एका तरुणाचे मूळ वेतन दरमहा ६०० डॉलर आहे व त्याने गावाकडील दलालास ६,००० डॉलर दिले आहेत. त्याने जेवणखाणावर काहीही खर्च केला नाही, असे अशक्य गृहीत धरले तरी कर्ज फेडण्यास दहा महिने लागतील. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या परवान्यापैकी बराच काळ तो सावकारासाठीच राबतो. या काळात वेतन थकले, जखम झाली किंवा कागदावर नसलेले काम सांगितले, तरी तक्रार करण्याचे धैर्य त्याला होणे कठीण. कारण परवाना रद्द झाला तर कर्ज मागे राहून तो परत जाईल.

महाराष्ट्रातील वाचकास येथे ऊसतोड मजुराची उचल आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे मुकादम मजुरास आगाऊ पैसे देऊन बांधून घेतो. येथे मजूर स्वतः आगाऊ पैसे देऊन बांधला जातो. पैशाची दिशा उलट आहे, पण काम सुरू होण्यापूर्वीच काम सोडण्याचे स्वातंत्र्य संपते, हा परिणाम एकच आहे.

भारतीय कायद्याच्या बाजूनेही एक पोकळी आहे. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमानुसार नोंदणीवाचून परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत व नोंदणीकृत भरती-दलालाच्या सेवाशुल्कास ३०,००० रुपये, अधिक कर, अशी मर्यादा आहे. परंतु उत्प्रवास-संरक्षकाची पूर्वसंमती ज्या अठरा देशांसाठी आवश्यक ठरविण्यात आली, त्यांत आखाती देशांसह मलेशिया, थायलंड व इंडोनेशिया यांचा समावेश असला तरी सिंगापूरचा नाही. सिंगापूरची शासनव्यवस्था शिस्तबद्ध आहे, हे खरे. परंतु सिंगापूरमधील शिस्त तामिळनाडूतील किंवा पंजाबातील खेड्यातल्या दलालापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बाजूंच्या कायद्यांच्या मधल्या जागेत तो आपला धंदा करतो.

दाद मागण्याचे मार्ग नाहीत असे नाही. वेतनाच्या तक्रारीसाठी प्रथम समेटाची व्यवस्था आणि मग २०१७ पासून अस्तित्वात असलेले रोजगार-दावा न्यायाधिकरण आहे. तेथे सामान्यतः २०,००० डॉलरपर्यंतचा व कामगार-संघटनेमार्फत समेट झाल्यास ३०,००० डॉलरपर्यंतचा दावा चालतो. नोकरी सुटली असल्यास सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. पण न्यायाधिकरणाचा आदेश वसूल करावयाचा तो कोणाकडून? एक डॉलर भांडवलाची कंपनी बंद पडली असेल, तर आदेश हाती राहतो व वेतन हाती येत नाही. नव्या कंपनीतील कामगाराचा मूळ प्रश्न येथे पुन्हा समोर येतो.

याहून परिणामकारक असा एक उपाय प्रचलित नियमांतच आहे. त्याची चर्चा मात्र कमी होते. बांधकाम-कामगारास परवाना संपण्यापूर्वीच्या चाळीस ते एकवीस दिवसांच्या अवधीत, सध्याच्या मालकाच्या संमतीवाचून, त्याच व्यवसायातील नव्या मालकाकडे जाता येते. जो मालक वेळेवर वेतन देत नाही, त्याच्याकडून कामगार निघून जाऊ शकतो, एवढी जाणीवसुद्धा मालकाचे वर्तन सुधारते. मात्र दोन वर्षांतून जेमतेम तीन आठवड्यांपुरते मिळणारे हे स्वातंत्र्य फारच तोकडे आहे.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, सिंगापूरच्या पद्धतीतील बहुतेक साधने एकाच जातीची आहेत. प्रमाण, लेव्ही, तारण, विमा व निवास या साऱ्यांनी शासन आपली जोखीम मालकावर टाकते. मालक सबळ असेल, तर तो ती जोखीम पेलतो आणि कामगारास खरेच संरक्षण मिळते. मालक नवा व दुर्बळ असेल, तर तीच जोखीम एक पायरी खाली सरकते आणि तिथे ती झेलण्यास कामगाराखेरीज कोणी नसते. म्हणून एकच नियम जुन्या कंपनीत संरक्षक आणि नव्या कंपनीत पीडक ठरू शकतो. नियम कठोर आहेत की सौम्य, या प्रश्नापेक्षा त्यांचा भार अखेर कोठे जाऊन थांबतो, हा प्रश्न अभ्यासकाने विचारला पाहिजे.

यावर नव्या कंपन्यांना परदेशी कामगार घेण्यास सरसकट मनाई करावी, असे कोणी सुचवील. ते योग्य होणार नाही. प्रत्येक जुनी कंपनी एकेकाळी नवीच होती, आणि अशा मनाईने मजूरबळ पुन्हा थोड्या बड्या कंत्राटदारांच्या हाती एकवटेल. मनुष्य-वर्ष पद्धतीने हाच दोष निर्माण केला होता. विचार करावयाचा तो दोन बिंदूंचा. पहिला, परवाना देण्यापूर्वी कंपनीची केवळ नोंदणी व निधीचे हप्ते न पाहता तिच्या हाती असलेले प्रत्यक्ष काम आणि काही महिन्यांचे वेतन देण्याइतका पैसा पाहणे. हमी परतीच्या प्रवासाची घेतली जाते, तशी ती वेतनाचीही घेता येईल. दुसरा, मालक बदलण्याचे कामगाराचे स्वातंत्र्य परवान्याच्या अखेरच्या काही दिवसांपुरते न ठेवता वेतन थकल्याच्या क्षणापासून त्यास देणे. पहिल्याने खोटी कंपनी दाराबाहेर राहील. दुसऱ्याने खऱ्या पण ढासळत्या कंपनीतून कामगार वेळेवर बाहेर पडेल.

कंपनी नावाची व्यक्ती कागदावर जन्मते व कागदावरच लय पावते. तिच्यासाठी परांचीवर चढणारा माणूस मात्र कागदाचा नसतो. त्याच्या जोखमीचे उत्तरदायित्व कोणा तरी जित्याजागत्या व सोडवत असलेल्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजे. परदेशी कामगारांच्या नियुक्तीविषयीच्या कोणत्याही कायद्याची कसोटी हीच मानावी लागेल.